चाकणच्या वाटेवरचे यवन

निवडणुकीचं वारं सुटलं की आपल्या भागातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. वर गौतमीपुत्र सातकर्णीचं चित्र, त्याखाली 'शक-यवन-पह्लव-निषूदन' ही पदवी, आणि खाली मजकूर असा की दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्राने बाहेरच्यांचा निकाल लावला होता, आता भोसरी-तळवडे-चाकणची पाळी आहे. पन्नासेक अंगठे, दहा-बारा भगवे झेंडे, आणि गाडी पुढच्या ग्रुपवर.

पदवी खरी आहे बरं का. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ती कोरलेली आहे. गौतमी बलश्री या राजमातेने आपला मुलगा गेल्यानंतर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षात तो लेख कोरून घेतला. मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला, शक-यवन-पह्लवांचा नाश केला, असं आई अभिमानाने सांगते. तिचा अभिमान रास्तच आहे. सातवाहनांनी गमावलेला मुलूख त्याने परत मिळवला होता.

माझी हरकत फॉरवर्ड करणाऱ्यांवर आहे. थोडं पुढे चालायचं त्यांनी टाळलं. त्याच डोंगरात सतरावं लेणं आहे. ते कोरवून घेणाऱ्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित. लेखात तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा 'योनक' म्हणवतो. योनक म्हणजेच यवन. दत्तामित्री हे डिमेट्रियस या बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजाच्या नावावरून वसलेलं गाव असावं, असं अभ्यासक मानतात. आईबापांच्या पुण्यासाठी त्याने लेणं, चैत्य आणि पाण्याची टाकी दिली. एकाच डोंगरात एका लेण्यात यवनांचा नाश आणि दुसऱ्या लेण्यात यवनाचं दान, असा हा मामला आहे.

नाशिक लांब वाटत असेल तर आपल्या जवळचं घ्या. निगडीहून जुन्या हायवेने देहूरोड, तळेगाव, कामशेत करत कार्ल्याला जा. एकवीरा आईच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. देवळाला लागून जो मोठा चैत्य आहे, त्याच्या आतल्या खांबांवरची अक्षरं किती जणांनी पाहिली? त्यातले निदान सहा खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिलेले आहेत. सिंहध्य, धर्म, यशोवर्धन अशी नावं आहेत. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचं नावही तिथे आहे, गंधी सिंहदत्ताचं आहे, सोपाऱ्याच्या माणसाचं आहे आणि कर्नाटकातल्या वैजयंतीच्या भूतपाल शेठचंही आहे. सुतार, अत्तरवाला, शेठ, भिक्खू आणि यवन एकाच छताखाली, आणि अक्षरांचा आकारही साधारण सारखाच.

आता दुसरी वाट धरा, आपली रोजची. मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि डावीकडे वळून जुन्नर. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चित नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने लेण्याचं दर्शनी काम केलं. पाणी, जेवण आणि दार. परगावी येऊन राहिलेला माणूस गावाला काय देईल, याची यापेक्षा सरळ यादी मला सुचत नाही.

हे यवन सगळे रक्ताने ग्रीकच होते का? यावर अभ्यासकांत वाद आहेत. पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही तेव्हा यवन म्हणत असतील, काहींचे आजे-पणजे ग्रीक असतील, काही व्यापारामुळे त्यांच्यात गणले गेले असतील. पण माझ्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. ते 'बाहेरचे' होते, हे त्यांनी स्वतःच दगडावर लिहून ठेवलंय. लपवलं नाही, आणि लपवायची गरजही पडली नाही.

मग गौतमीपुत्राची लढाई कुणाशी होती? ती होती सत्तेशी. नहपान हा शक क्षत्रप. त्याची पकड नाशिक, मावळ आणि जुन्नरवर होती. जुन्नरला त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं असत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, फेकली नाहीत. शत्रूचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं खाली अर्धवट दिसत राहिली, वर सातवाहनांचा शिक्का बसला, आणि पैसा बाजारात चालू राहिला. कार्ल्यालाही तसंच झालं. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्खूंना एक गाव दिलं होतं. सत्ता बदलल्यावर सातवाहन राजानेही भिक्खूंना गाव देणारी आज्ञा मावळातल्या आपल्या अधिकाऱ्याला पाठवली. राज्य बदललं, भिक्खूंच्या पोटावर पाय आला नाही.

आणि लढाई कशासाठी होती? घाट आणि बंदरं यांच्यासाठी. एका अनाम ग्रीक नावाड्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या किनाऱ्याची व्यापारी माहिती लिहून ठेवली आहे, 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. तो सांगतो की कल्याण हे पूर्वी रीतसर बाजाराचं बंदर होतं, पण आता तिथे अडथळे आहेत. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. म्हणजे बघा, महाराष्ट्रात येणारा धंदा गुजरातला वळवण्याचं हे बहुधा सगळ्यात जुनं लेखी उदाहरण. तळेगावला येणार म्हणून गाजलेला सेमीकंडक्टर प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा आपण किती तळमळलो होतो! जहाज वळलं की कल्याणचं नुकसान, नाणेघाटाचं नुकसान, जुन्नरच्या बाजाराचं नुकसान. नाणेघाटातला तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असं आपण मुलांना सांगतो, तोसुद्धा रिकामाच राहणार. जकातीवर ज्या पिंपरी-चिंचवडचा संसार २०१३ पर्यंत चालला, त्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

थोडक्यात, राजे लढले ते वाटेवरच्या ताब्यासाठी. वाटेवरून आलेल्या माणसाने टाकं खोदलं तर त्याचं नाव कोरू दिलं.

आता यातली एक गोष्ट दुसऱ्या बाजूच्या मंडळींसाठी. भाषेचा विषय निघाला की लगेच 'देश एक आहे' म्हणून जे अंगावर येतात, त्यांच्यासाठी. जुन्नर आणि कार्ल्याच्या या यवनांच्या दानलेखांत ग्रीक अक्षर एकही नाही. सगळं ब्राह्मी लिपीत आणि इथल्या प्राकृतात. नावंसुद्धा धर्म, चित, चंद अशी होऊन गेली. यासाठी कुणी शासन निर्णय काढला असेल असं वाटत नाही, आणि कुणी कुणाच्या कानाखाली मारल्याचीही नोंद नाही. इथे राहायचं, धंदा करायचा, चार माणसांत नाव लावायचं, तर इथल्या बोलीत लावायचं, हे त्यांना उमगलं. मराठीचा आग्रह मला म्हणूनच शंभर टक्के मान्य आहे. पण त्या सौद्याच्या दोन बाजू होत्या. त्यांनी भाषा घेतली, गावाने खांबावर जागा दिली. आपण आज फक्त पहिली बाजू मागतोय.

खुद्द ग्रीकांच्या घरी काय चाललं होतं, तेही पाहू. लोकशाहीचं माहेर म्हणून ज्या अथेन्सचं नाव घेतात, तिथे बाहेरून येऊन राहिलेल्यांचा एक वेगळा वर्ग होता. त्यांना मेटिक म्हणत. मेटिक पुरुषाने वर्षाला १२ द्राख्मे डोईपट्टी भरायची. जमीन किंवा घर विकत घेता येत नसे. सभेत मत नाही. नाव नोंदवायचं तर कुणीतरी अथेन्सचा नागरिक कैवारी म्हणून लागे. ठेकेदाराच्या नावावर निघणारा गेटपास आठवला ना? लढाईला मात्र यायचंच. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये अथेन्सने मेगारावर स्वारी केली, त्यात निदान ३,००० मेटिक जड शस्त्रं घेऊन चालत होते. कर चालतो, रक्त चालतं, मत चालत नाही.

हे दार आणखी घट्ट केलं ते पेरिक्लीसने, इसवी सनापूर्वी ४५१ मध्ये. आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, असा कायदा त्याने करून घेतला. लोकप्रिय कायदा होता. भूमिपुत्रांचा कायदा म्हणा हवं तर. वीस वर्षांनी शहरात साथ आली, पेरिक्लीसचे दोन्ही औरस मुलगे गेले. उरला तो मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेला मुलगा, म्हणजे पेरिक्लीसच्याच कायद्याने परका. शेवटी त्याला सभेपुढे पदर पसरून आपल्या मुलासाठी अपवाद मागावा लागला. सभेने दिला. पेरिक्लीस होता म्हणून दिला, बाकीच्या परक्यांच्या पोरांना कोण विचारतो?

त्याहून बोलकी गोष्ट लिसियसची. त्याचा बाप केफालस सिराक्यूजहून पेरिक्लीसच्याच सांगण्यावरून अथेन्सला आला. पायरियस म्हणजे अथेन्सचं बंदर, कारखान्यांचं आणि परगावच्या माणसांचं उपनगर. अथेन्सचं पिंपरी-चिंचवडच म्हणा. तिथे या घराण्याचा ढाली बनवायचा कारखाना होता, सव्वाशेच्या आसपास गुलाम राबत. (होय, गुलाम. ग्रीकांना डोक्यावर घेऊन नाचण्याआधी हेही लक्षात ठेवा.) इसवी सनापूर्वी ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरलं आणि तीस जणांची हुकूमशाही बसली. तिजोरीत खडखडाट. मग त्यातल्या दोघा शहाण्यांनी शक्कल काढली, की मेटिकांवर गद्दारीचा आळ घ्यायचा आणि मालमत्ता ओढायची. पहिल्या खेपेला दहा जण निवडले, त्यात मुद्दाम दोन गरीब घातले, म्हणजे पैशासाठी चाललंय असं दिसायला नको. लिसियसच्या भावाला, पोलेमार्कसला, विष पाजून मारलं. लिसियस मागच्या दाराने पळाला.

बाहेरच्याविरुद्ध सुरू झालेली मोहीम तिथेच थांबली का? नाही. काही महिन्यांत त्या तीस जणांनी सुमारे १,५०० माणसं मारली, आणि त्यात अस्सल अथेन्सकर भरपूर होते. लोकशाही परत आणण्यासाठी जी फौज उभी राहिली तिला लिसियसने पैसा आणि २०० ढाली पुरवल्या. जिंकल्यावर त्या फौजेचा नेता थ्रॅसिब्युलस याने लढलेल्या परक्यांना नागरिकत्व द्यायचा ठराव आणला. सभेने तो मंजूरही केला. मग एका पुढाऱ्याने तांत्रिक मुद्दा काढला, की ठराव आधी मंडळापुढे आलाच नव्हता. ठराव रद्द. लिसियस मरेपर्यंत मतावाचून राहिला, आणि पोटासाठी नागरिकांना कोर्टातली भाषणं लिहून देत राहिला.

स्पार्टाचं तर याहून सोपं. तिथे परक्यांना हाकलून द्यायचा रिवाजच होता, आणि जमीन हातून गेलेला स्वतःचा माणूसही नागरिकांच्या पंगतीतून उठवला जाई. प्लॅटियाच्या लढाईला, इसवी सनापूर्वी ४७९ मध्ये, ५,००० स्पार्टन नागरिक उभे होते. ल्यूक्ट्राला, इसवी सनापूर्वी ३७१ मध्ये, ७०० उरले होते आणि त्यातले ४०० एका दिवसात पडले. अॅरिस्टॉटल म्हणतो, स्पार्टा एक पराभव सोसू शकलं नाही, कारण माणसंच उरली नव्हती.

आता या सगळ्याचा चाकणशी काय संबंध, असं विचाराल. सांगतो.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर बार्शीकडून पिंपरीत आले. तेव्हाच्या गाववाल्यांना तेही बाहेरचेच होते. आज मला कुणी बाहेरचा म्हणत नाही, कारण एक तर माझी भाषा मराठी, आणि दुसरं म्हणजे वडील कंपनीत कायम झाले, त्यांना युनियन मिळाली, यादीत नाव लागलं, नगरसेवक दारात मत मागायला आला. दुसरं कारण आपण विसरतो. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाखांच्या वर माणसं. हे गाव गाववाल्यांनी जमिनी दिल्या म्हणून उभं राहिलं आणि बाहेरच्यांनी राबून वाढवलं. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि एक बोलून दुसरं गिळणाऱ्यापासून सावध राहा.

आजचा पोरगा बिहारहून, ओडिशाहून, आणि तितक्याच संख्येने बीड-नांदेड-वाशिमहून येतो. तो ठेकेदाराच्या नावावर कंपनीत शिरतो. सात महिने झाले की ब्रेक. मग दुसऱ्या ठेकेदाराकडे नवीन नाव, नवीन गेटपास. महाळुंगे, खराबवाडी, निघोजेच्या चाळीत दहा बाय दहाची खोली, चार जण, करार नाही. करार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून इथल्या यादीत नाव नाही. आणि करार न करणारे घरमालक कोण? आपणच की. भाडं आपल्याला हवं, भाडेकरूचं नाव कागदावर नको.

'स्थानिकांना काम द्या' म्हणून आपण मोर्चा काढतो. काढायलाच हवा. ज्याच्या सात-बाऱ्यावर कारखाना उभा आहे त्याच्या पोराने त्याच कारखान्याबाहेर चहाची टपरी लावावी, हा अन्याय आहे. ८० टक्के स्थानिकांचा शासन निर्णय कागदावर कित्येक वर्षं आहे. तो का पाळला जात नाही? मला दिसतं ते कारण असं की स्थानिक पोरगा बोलतो. त्याच्यामागे गाव आहे, सरपंच आहे, आमदाराचा फोन आहे. परगावच्याच्या मागे कुणी नाही. ज्याच्यामागे कुणी नाही तो कमी पैशात, ओव्हरटाइमचा हिशेब न विचारता राबतो. तो स्वस्त आहे कारण तो मुका आहे, आणि तो स्वस्त आहे म्हणून तुमचा पोरगा महाग आहे.

त्याला हाकलून हे बदलणार नाही, त्याच्या जागी त्याच्याहून मुका दुसरा येईल. त्याला धमकावून तर बिलकूल नाही. धमकावलेला माणूस आणखी स्वस्त होतो, ठेकेदाराला याहून काय हवं? स्थानिक पोराला काम मिळायचं असेल तर शेजारच्या परगावच्या पोराचा पगार, पीएफ आणि आवाज त्याच्याइतकाच झाला पाहिजे. मग कंपनीला मुका शोधण्यात फायदा उरत नाही.

एक गोष्ट आठवून पाहा. मार्च २०२२ मध्ये आपल्या पालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. जवळजवळ चार वर्षं घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर घेतली गेली, आणि विचारायला कुणी नव्हतं. खड्डा, कचरा, एक दिवसाआड पाणी, सगळ्याला उत्तर एकच, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती चार वर्षं आपण सगळेच मेटिक होतो. कसं वाटलं?

आता माझ्या मागण्या, सरळ सरळ.

एक, भाडेकरार. प्रत्येक खोलीमालकाने करार करावा, ग्रामपंचायत आणि पालिकेने तो स्वस्तात करून देण्याची सोय करावी. पोलिसांनाही त्याने मदतच होईल.

दोन, मतदार नोंदणी. जो इथे कायम राहतो त्याने नमुना ८ भरून गावाकडचं नाव इकडे आणावं. दोन्हीकडे नाव ठेवणं चालणार नाही. इथलं मत हवं तर इथला हिशेब द्यायचा.

तीन, मराठी. एमआयडीसीत संध्याकाळचे मराठी वर्ग सुरू करा, कंपन्यांच्या सीएसआरच्या पैशांतून. सहा महिन्यांत कामापुरती मराठी येते. येत नाही म्हणणाऱ्याला सवलत नको, आणि शिकणाऱ्याची टिंगलही नको.

चार, सारख्या कामाला सारखा पगार, ठेकेदाराचं नाव काहीही असो. स्थानिकांच्या मोर्च्यात ही मागणी पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि मग बघा कोण घाबरतं.

१५ वर्षं राहिलेल्याला महाराष्ट्र डोमिसाईल देतो. २००९ च्या सुमारास चाकणला मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले तेव्हा आलेला पोरगा आता त्या हिशेबात बसतो. त्याची मुलं इथल्या शाळेत मराठी कविता पाठ करतात. अथेन्सने तिसऱ्या पिढीलाही जे दिलं नाही, ते आपला नियम १५ वर्षांत देतो. आपलं मन नियमाएवढं मोठं असायला काय हरकत आहे?

लेण्यांचं गुणगान फार केलं, तर एक कडू गोष्टही सांगून थांबतो. खांबांवर नावं आहेत ती दान देणाऱ्यांची. छिन्नी मारणाऱ्या पाथरवटांची नावं शोधत बसलात तर हाताला फार काही लागत नाही. त्यांच्यातही परगावचे असतील. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते राहिलं ते राहिलं. आज आपल्या हातात मतदारयादी आहे, हजेरीपट आहे, भाडेकरार आहे. नाव लिहायला दगड फोडावा लागत नाही.

पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: जुन्नरला इरिलाने खोदलेल्या टाक्याचं काय करायचं, बुजवायचं का?

मतभेद असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देईन. शिव्या देणाऱ्यांनी किमान शुद्ध मराठीत द्याव्यात.